लखदरच्या चपला

माझ्या दिराचं वाटोळं व्हावं, एवढं एकच मागणं मी तीन वर्षं अल्लाकडे मागत होते. पाऊस लांबला की आमच्या तंबूंतली सगळी माणसं माळावर जमून हात पसरायची. मीही पसरायचे. त्यांच्या ओठांवर पाणी असायचं आणि माझ्या ओठांवर लखदर. पाऊस दोनदा आला. लखदरला मात्र साधी सर्दीही झाली नाही.

लखदर माझ्या नवऱ्याचा, बूजमाचा, चुलत भाऊ. एकाच ताटात जेवून वाढलेले दोघे. बूजमा तेव्हा राखीव माळाचा रखवालदार होता. हलफा गवताचा आणि शीहच्या झुडपांचा हा माळ जमिनीवरच वावरणाऱ्या हुबारा पक्ष्यांसाठी राखून ठेवलाय, तिथे शिकारीला बंदी आहे. रस्त्यापलीकडच्या पैदास केंद्रात यंत्रात उबवलेली पिल्लं मोठी करून इथेच सोडतात. पण बूजमाचा जीव रानातल्या जुन्या पक्ष्यांवर होता. त्यातही एका नरावर जास्त.

हुबारा नर वसंतात एक जागा धरतो आणि वर्षानुवर्षं तीच जागा धरतो. मान मागे टाकतो, गळ्याची पांढरी पिसं डोक्यावरून उलटी घेतो आणि तसाच धावत सुटतो. तेव्हा त्याला समोरचं काही दिसत नाही. झुडपाला धडकतो, दगडाला ठेचकाळतो, पुन्हा धावतो. ज्या मादीसाठी हे सगळं चाललंय ती बघतेय की नाही, हेही त्या येड्याला ठाऊक नसतं. बूजमा हसून म्हणायचा, "तुझ्या बापाकडे मागणी घालायला आलो, तेव्हा मी असाच आलो होतो."

सात वसंत तो नर त्याच जागेवर नाचला. आठव्या वसंतात बाहेरचे शिकारी बहिरी ससाणा घेऊन जीपने थेट त्या जागेवर गेले. ससाणा वरून आला तेव्हा नराच्या डोळ्यांवर त्याचीच पिसं होती. त्याने मान सरळ करून वर पाहिलंसुद्धा नाही.

जीप पकडली गेली. एवढ्या मोठ्या माळावर नेमकी ती जागा दाखवली कोणी, म्हणून जमात बसली. लखदर उठला, पिराच्या दर्ग्यावर हात ठेवला आणि शपथ घेऊन म्हणाला, बूजमाने दाखवली. मग बूजमाला शपथ घ्यायला सांगितलं. माझा नवरा म्हणाला, "मी नाही दाखवली. पण शपथ घेणार नाही. आजवर माझा शब्द शपथेशिवाय चालत आलाय."

झालं! एकाने शपथ घेतली आणि एकाने घेतली नाही. रखवालदारी लखदरकडे गेली. महिन्याभरात त्याच्या गळ्यात एक दुर्बीण लटकायला लागली, तशी दुर्बीण रखवालदाराच्या सात पिढ्यांना परवडायची नाही. सगळ्यांनी पाहिली आणि कोणी विचारलं नाही. तेव्हापासून जमातीत बूजमाला बोलावणं नाही. तो कोणाशी भांडला नाही, मला मात्र त्याच्या वाटचंही भांडण करावंसं वाटे. तो पहाटेची नमाज झाली की गाढव घेऊन माळावर जायचा आणि उन्हं चढल्यावर परत यायचा. मी समजले, लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून जातो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि हा लखदर आमच्या तंबूसमोर उभा राहून मला म्हणायचा, "वहिनी, दादाला सांगा, गाढव जरा लांबून न्यायला. पक्षी बुजतात."

"हो भावजी," मी म्हणायचे, "तुमच्यासारखी पक्ष्यांची काळजी त्याला कुठून असणार?"

"तसं नव्हे. नियम आहे म्हणून सांगतो. माझं काय, मी नोकर माणूस."

"नोकर खरे. कोणाचे, तेवढं विचारायचं राहिलं."

तो हसायचा. त्याला लाज नव्हती आणि रखवालीही येत नव्हती. घरट्याकडे सरळ कधी जायचं नसतं, हे आमच्या पोरींनाही माहीत आहे. हुबारा मादी घरटं कसलं, जमिनीत नुसता खळगा करते आणि त्यात दोन-तीन अंडी घालते. त्याच्या जवळून तिरपं जायचं, थांबायचं नाही, वाकायचं नाही, मान वळवायची नाही. माणूस कुठे वाकला ते डोंबकावळा वरून बघत असतो आणि माणसाचा माग जिथे संपतो तिथवर कोल्हा येतो. लखदर सरळ जायचा, शिवाय घरट्याशेजारी दगडांची ढिगुली रचायचा. आमच्यात दगड रचलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. वाळलेलं सरपण असो, विसरलेली पखाल असो, दगड रचला की ती कोणाची तरी आहे, एवढं माणसाला कळतं. लखदरला वाटायचं, कावळ्यालाही कळेल! गेल्या वसंतात त्याच्या ढिगुल्यांपाशी दोन घरटी फुटली. केंद्रातली डॉक्टरीण, नवालबाई, जमातीसमोर म्हणाली होती, "आणखी एक घरटं असं गेलं तर हा माणूस मला नको."

ते वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं.

ह्या वसंतात एक मादी आमच्या चराईच्या जवळच बसली. तिच्या पाठीवर केंद्राचं छोटं यंत्र होतं, त्यामुळे नवालबाईला तिची जागा ठाऊक होती. लखदरला बजावून ठेवलं होतं, दुर्बिणीतून बघायचं, पाऊल टाकायचं नाही. आणि ह्या वेळी तो खरंच ऐकत होता, नोकरीची भीती कोणाला नसते? माझ्या मेंढ्या तिकडून येताना मी तिला एकदा झुडपातून खाली वाकून सरकताना पाहिलं आणि खळगा कुठे असेल ते ओळखलं. कोणाला बोलले नाही.

लोकर कातरणीच्या दिवशी सगळी माणसं लखदरच्या तंबूत होती. ज्याच्या मेंढ्या त्याच्याकडे सगळ्यांनी राबायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ही आमची रीत. म्हणून मीही गेले. बूजमा गेला नाही. लखदरची बायको मबारका हिने कुसकुसच्या वाफवलेल्या रव्यावर बकऱ्याचं मांस आणि मुरवलेलं लोणी एवढं घातलं होतं की जेवून सगळे पुरुष आडवे झाले. तंबूच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. टायरच्या चपला सगळ्यांच्याच असतात, पण लखदरच्या उजव्या चपलेची टाच शेगडीवर जळून अर्धचंद्रासारखी कोरली गेलीय. अख्ख्या माळावर तो ठसा लहान पोरही ओळखेल.

मी त्या चपला ओढणीखाली घेतल्या. मबारकाला म्हटलं, "मी जरा मेंढ्यांना पाणी दाखवून येते."

"ये गं. चहा उकळेपर्यंत ये पण."

मबारका वाईट बाई नाही. पण तेव्हा मला तिची आठवण ठेवायची नव्हती.

मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. तीस वर्षं मी बूजमाच्या, ठसे वाचणाऱ्या माळावरच्या सर्वांत चांगल्या मागकऱ्याच्या, तंबूत राहतेय. लखदर माझ्याहून जड, म्हणून मी पाण्याने भरलेली पखाल पाठीवर घेतली. तो लांब ढांगा टाकतो, म्हणून लांब ढांगा टाकल्या. खडकाळ जागेवर पोचून चपला बदलल्या आणि तिथून सरळ, अगदी सरळ, त्या मादीकडे गेले. ती शेवटपर्यंत बसून राहिली. पाच हातांवर गेले तेव्हा उठली आणि मान जमिनीला लावून पळाली. खळग्यात तीन अंडी होती, मातकट हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. मी त्यांना हात लावला नाही. हे मी शंभर वेळा सांगेन. मी फक्त शेजारी सात दगड रचले आणि आले तशी परत गेले. वर दोन डोंबकावळे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, या.

चहा उकळायच्या आत चपला ढिगात होत्या. लखदर तोंड उघडं टाकून घोरत होता. मी त्याच्या शेजारून ग्लास घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी नवालबाईची गाडी आली. मादी दोन दिवस घरट्यापासून लांब फिरतेय, हे तिला यंत्रावर दिसलं होतं. खळग्यात कवचं आणि शेजारी दगडांची ढिगुली! ती लखदरवर एवढी ओरडली की आमच्या कुत्र्यांनी भुंकायचं थांबवलं. लखदर म्हणे, मी गेलोच नाही. ती म्हणे, मग हे दगड चालत आले का? शेवटी जमातीचे म्हातारे, हाज मीमून, म्हणाले, "वारा पडलेला आहे, माग जागेवर आहे. माग वाचूया."

"वाचणार कोण?" लखदर म्हणाला.

हाज मीमून थोडा वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बूजमाला बोलवा."

"हाजी, तो माझ्यावर डूख धरून आहे!"

"असेल. त्याच्या शपथेबद्दल आपलं भांडण झालं होतं. त्याच्या डोळ्याबद्दल नव्हे."

हेच! हेच मला हवं होतं. मी नुसती नोकरी घालवायला निघाले नव्हते. ज्या लखदरने माझ्या नवऱ्याला बुडवलं, त्या लखदरला माझ्या नवऱ्याच्या तोंडून बुडताना मला बघायचं होतं, त्याच जमातीसमोर. बूजमाला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो आलाच नसता. आता त्याला फक्त जे दिसेल ते बोलायचं होतं.

सगळे माळावर गेलो. बायकाही गेल्या, पुरुषांच्या मागे. तीन वर्षांनी माझा नवरा जमातीच्या पुढे चालत होता आणि लोक त्याला वाट देत होते. माझा ऊर भरून आला. त्याने आधी खळगा पाहिला. गुडघ्यावर बसला, एक कवच उचललं आणि आत बोट फिरवलं.

"एकविसावा दिवस होता," तो म्हणाला.

नवालबाई चमकली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती बसली त्या दिवसापासून मी रोज सकाळी इथून जातो. गाढवावरून, त्या झुडपापासून ह्या झुडपापर्यंत, तिरपा. तेविसाव्या दिवशी पिल्लं निघाली असती." त्याने कवच होतं तिथे ठेवलं. "ही त्या जुन्या नराच्या जागेपासून हाकेवर बसली होती. तिथे यंदा एक नवा नर नाचतो. मला वाटलं, जागा पुन्हा जागती झाली."

तीन वर्षं रोज सकाळी हा माणूस तोंड लपवायला जातो असं मी समजत होते. पण मी लगेच स्वतःला सावरलं. म्हटलं, बरंच झालं, आता लखदरवर त्याला आणखी राग येईल.

बूजमा उठला आणि मागावर आला. उजव्या ठशाशी थांबला.

"चप्पल लखदरची," तो म्हणाला.

लोकांत कुजबुज उठली. लखदर पांढराफटक पडला. "दादा, मी आलो नाही रे! पोरांची आण!" मबारका तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. मी तीन वर्षांत इतका खोल श्वास घेतला नव्हता. इथेच थांब, बूजमा, मी मनात म्हटलं. आता एक शब्द जास्त बोलू नकोस.

पण मागकरी एका ठशावर थांबत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. तो मागाच्या कडेकडेने चालत गेला. दहा पावलं, वीस पावलं. वाकला. हाताचा पंजा एका ठशावर आडवा धरला, मग दुसऱ्यावर. डाव्या ठशाशी खाली बसला आणि उठेचना. माझा डावा पाय लहानपणी उंटाखाली आला होता. तेव्हापासून तो टेकताना बाहेर फिरतो, बोटभर. मला स्वतःला तो आता जाणवतही नाही. मी चप्पल बदलली, वजन बदललं, ढांग बदलली. आणि तीस वर्षं मागकऱ्याची भाकरी भाजून मला एवढं कळलं नाही, की तो चप्पल वाचत नाही, पाय वाचतो.

"पाय लखदरचा नाही," बूजमा म्हणाला.

"म्हणजे?" हाज मीमून पुढे आले.

"पाठीवर पाणी आहे. पखाल. पाऊल पडलं की वजन डावीकडे हिंदकळतंय. लखदर एवढ्या जवळ यायला पाणी कशाला घेईल? ढांग ओढून ताणून टाकलीय, वीस पावलांनी थकलीय. कोणीतरी लखदर व्हायला बघत होतं."

"कोण?"

तो उठला. त्याने हातांची माती झटकली. बायकांच्या घोळक्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"माझ्या घरातला पाय आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लपायला माळावर जागा नव्हती आणि लपायचा माझा स्वभावही नाही. मी पुढे गेले.

"हो, माझा पाय आहे!" मी ओरडले. "मीच आले, मीच दगड रचले! का रचले ते नाही विचारत कोणी? ह्या माणसाने दर्ग्यावर हात ठेवून माझ्या नवऱ्याला जिवंत गाडलं, तेव्हा तुम्ही त्याचा माग वाचलात का? त्याच्या गळ्यात ती दुर्बीण आली तेव्हा तुमच्या डोळ्यांत काय वाळू गेली होती?"

"मसऊदा," हाज मीमून म्हणाले, "गप्प बस."

"नाही बसणार!"

"बस म्हणतो ना. आता मी विचारतो." ते लखदरकडे वळले. "तुला आत्ता कोणी वाचवलं?"

लखदर चपलेची टाच मातीत घासायला लागला.

"चप्पल लखदरची, एवढं बोलून हा थांबला असता तर तू संपला होतास. आम्ही त्याचा शब्द मानला असता. त्याने तुझ्यासाठी स्वतःच्या बायकोला उभं केलं. असा माणूस तीन वर्षांपूर्वी खोटं बोलला, असं तू म्हणतोस. चल, तीच शपथ आता पुन्हा घे. दर्गा नको, ह्याच्या डोळ्यांत बघून घे."

लखदरने बूजमाकडे पाहिलं. "जुनं झालं हाजी ते," तो पुटपुटला, "आता उकरून काय..." माणसं त्याच्यापासून एकेक पाऊल मागे सरकली आणि तो मोकळ्या जागेत एकटा उभा राहिला. बूजमाने त्याच्याकडे रागाने पाहिलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तो पुन्हा खळग्याजवळ जाऊन ढिगुलीचे दगड एकेक करून लांब टाकत होता.

रखवालदारी त्याच दिवशी बूजमाला परत दिली. त्याने घेतली. नवालबाईला म्हणाला, "एक अट आहे. अंड्यांचे दिवस संपेपर्यंत माझ्या घरच्या मेंढ्या ह्या बाजूला येणार नाहीत. मेंढ्या वळणारीही नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

आठवड्याने लखदरने तंबू उपटला. त्याच्या ग्लासात कोणी चहा ओतेना, त्याच्या सलामाला कोणी उत्तर देईना, राहणार किती दिवस? भाड्याच्या ट्रकवर त्यांचं सामान चढत होतं तेव्हा मी आमच्या दाराशी उभी होते, मुद्दाम. खोटं कशाला बोलू, मला गोड लागलं. खाली मान घालून तो गाठी मारत होता, त्याची प्रत्येक गाठ मी मोजून पाहिली. मबारका ट्रकवर चढताना माझ्याजवळ आली. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "चहा उकळेपर्यंत ये म्हटलं होतं तुला. आलीस गं अगदी वेळेवर." आणि चढली.

ट्रक गेला तेव्हा माझ्या शेजारी कोणी नव्हतं. हा दिवस मी तीन वर्षं मनात किती वेळा पाहिला होता! प्रत्येक वेळी बूजमा माझ्या शेजारी असायचा. तो माळावर होता.

ऊन कलल्यावर तो आला. मी भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. तो माझ्याशी बोलतो, अबोला धरणाऱ्यांतला तो नाही. मीठ मागतो, कोकरांचं विचारतो.

"गेले ते," मी म्हटलं.

"हं."

"कायमचे गेले."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. जरा वेळाने त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तो आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "ती पुन्हा बसली. दोन अंडी आहेत."

मला इतका आनंद झाला की मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "खरंच? कुठे रे?"

बूजमाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्याने मान खाली घातली आणि ताकाचा घोट घेतला.

मी पुन्हा विचारलं नाही. पिल्लं निघाली, उडाली, उन्हाळा संपून थंडी आली. ती मादी कुठे बसली होती ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.